एकाएकीं मंदावतें तेव्हां

मंद असणें आणि मंदावणें यांत पुष्कळ अंतर आहे. जो बैल पहिल्यापासूनच सावकाश चालतो त्याच्याविषयीं कोणी तक्रार करीत नाहीं. त्याच्या चालीचा हिशेब धरूनच धनी घरून लवकर निघतो. पण रोज चढण सहज चढणारा बैल एखादे दिवशीं अर्ध्या वाटेवर पाय ओढूं लागला, कीं धन्याचा जीव खालींवर होतो. यंत्रांचें असेंच आहे, आणि माणसांचेंहि. मंद यंत्र आपण बदलतों. मंदावलेल्या यंत्राला मात्र कांहीं विचारावें लागतें. आपली घाई अशी, कीं दुसऱ्यालाहि आपण पहिल्याचाच न्याय लावतों.

हा विचार मला सुचला तो एका खेळावरून, आणि तोहि मीं स्वतः कधीं न खेळलेल्या. माझा धाकटा भाऊ वेल्ह्याच्या बाजूला, कानंदीच्या खोऱ्यांत, आमची वडिलोपार्जित भातशेती पाहतो. मी भोरला कॉलेजांत इंग्रजी शिकवतों. भावाचा मुलगा बारावींत आहे. दोन वर्षें सुट्टीच्या दिवसांत पुण्याला एका फोटोच्या दुकानांत काम करून जे पैसे सांठले, त्यांतून त्यानें जुने भाग जुळवून एक कॉम्प्युटर उभा केला. त्याच्यावर तो गांवच्या लग्नांच्या चित्रफिती जुळवून देतो, त्याच्यावर अभ्यास करतों असें तो सांगतो, आणि रात्रीं मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळतो हें सारें घर सांगतें. गेल्या मार्गशीर्षांत त्या खेळाला एक विलक्षण खोड लागली. गाडी भरधांव चाललेली असतां चित्र एकाएकीं अडखळूं लागे. वळण डोळ्यांपुढें सरळ उलगडण्याऐवजीं तुकड्यातुकड्यांनीं येई, आणि बोटानें कळ दाबावी तों गाडी कठड्यावर आदळलेली असे.

या दुखण्याचीं घरांत चार निदानें झालीं. भावाच्या मतें दोष खेळाचाच होता. खेळणें बंद केलें कीं दुखणें संपलें. पुतण्याच्या मतें दोष आमच्या खोऱ्यांतल्या विजेचा होता. ज्या दुकानदाराला त्यानें फोनवर लक्षणें सांगितलीं, त्यानें यंत्र न पाहतांच ग्राफिक्स कार्ड संपल्याचा निर्वाळा दिला व नव्या कार्डाची किंमत सांगितली. ती मुलाच्या दोन सुट्ट्यांच्या कमाईहून अधिक भरत होती. आणि आमच्या आईच्या मतें यंत्रालाहि दृष्ट लागते. माझ्या ध्यानांत आलें तें असें, कीं यांतलें प्रत्येक निदान रोग्यापेक्षां वैद्याविषयींच अधिक सांगत होतें. परीक्षेची काळजी असलेल्या बापाला खेळ दिसला, विजेनें गांजलेल्या मुलाला वीज दिसली, विकणाराला विक्री दिसली आणि जपणारीला दृष्ट.

पुढें गोष्ट हातघाईवर आली. "परीक्षा तोंडावर आली आहे, तें धूड विकून टाक," असें भाऊ म्हणाला. मुलानें उत्तर दिलें नाहीं, आणि त्या दिवसापासून कोणत्याच गोष्टीला उत्तर देईनासा झाला. मला आईचा फोन आला. "तूं एकदां येऊन जा," ती म्हणाली. "दोघे शेजारीं शेजारीं बसून जेवतात, पण मीठ लागलें तरी एकमेकांकडे मागत नाहींत." तेवढ्यावरून मी शनिवारीं नसरापूर, मार्गासनी करीत गांवीं गेलों. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हें मला माहीत नव्हतें; पण न कळणारी गोष्ट समजावून मागणें हा शिक्षकाचा हक्क आहे, आणि अबोल मुलाला बोलता करण्याचा त्याहून चांगला उपाय मला ठाऊक नाहीं.

त्यानें मला पहिला पाठ दिला तो फ्रेमचा. फ्रेम म्हणजे एक चौकट, एक स्थिर चित्र. त्याचें यंत्र सेकंदाला अशीं साठ चित्रें दाखवीत असे. आतां तीं एकाएकीं वीस-पंचवीसवर येत होतीं. हें ऐकतांना मला दादासाहेब फाळके आठवले. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट केला होता. ठरावीक अंतरानें रोपाचें एकेक स्थिर चित्र घ्यावयाचें, आणि मग तीं सारीं भरभर दाखवावयाचीं, कीं अंकुर डोळ्यांदेखत वाढूं लागतो. चलच्चित्राचें सारें रहस्य त्या रोपांत आहे. हलणारें चित्र असें कांहीं नसतेंच. स्थिर चित्रें पुरेशा वेगानें व सारख्या अंतरानें येत राहिलीं म्हणजे त्यांतून गति निर्माण करतो तो आपला डोळा. मूकपटाच्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत, तेव्हां हा वेग फिरवणाराच्या मनगटावर अवलंबून असे. बोलपट आल्यावर आवाज बिघडूं नये म्हणून सेकंदाला २४ चित्रें हें प्रमाण कायम झालें.

परंतु चित्रपट आणि हा खेळ यांत एक मोठा भेद आहे. चित्रपटाचें प्रत्येक चित्र आधींच तयार असतें. तें फक्त पुढें सरकवावयाचें. खेळांतलें चित्र मात्र खेळणाराच्या बोटाला उत्तर म्हणून त्याच क्षणीं जन्माला येतें. साठांच्या हिशेबानें एका चित्राच्या वांट्याला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारें १६.७ मिलिसेकंद, येतो. तेवढ्या अवकाशांत प्रोसेसर सगळें गणित करतो: गाडी कोठें आहे, चाक किती वळलें, मागची गाडी आतां काय करील. मग तो ग्राफिक्स कार्डाला फर्मान देतो, आणि तें कार्ड पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवतें. पुतण्याच्या पडद्यावर असे वीस लाखांहून अधिक ठिपके आहेत. एक कारकून आणि एक चितारी अशी ही जोडी आहे. दोघांपैकीं कोणीहि रेंगाळला तरी चित्र उशिरां येतें. आणि पाहणाराला मात्र उशीर कोणामुळें झाला हें कळत नाहीं.

दुसरा पाठ सरासरीचा होता, आणि तो मला विशेष आवडला. यंत्राच्या कोपऱ्यांत सेकंदाला ५५ असा आंकडा दिसत असतांहि मुलगा म्हणे, "काका, आतां अडखळलें." मला वाटलें, साठाऐवजीं पंचावन्न म्हणजे फरक तो किती! त्यानें कागदावर गणित मांडून दाखवलें. चोपन्न चित्रें वेळेवर आलीं आणि एकाच चित्राला शंभर मिलिसेकंद लागले, तरी त्या सेकंदाची बेरीज पंचावन्नच होते. आंकड्याला तें एक चित्र दिसत नाहीं. डोळ्याला तेवढेंच दिसतें. भोरहून पुण्याला जाणारी एस.टी. सरासरीनें वेळेवरच असते, पण ज्या सकाळीं मुलाखतीला जावयाचें असतें त्या सकाळच्या उशिराचें समाधान महिन्याच्या सरासरीनें होत नाहीं. वर्षभर मार्कांच्या सरासरी काढणाऱ्या मजसारख्या माणसानें हा धडा बारावीच्या मुलाकडून शिकावा यांत मला आनंदच वाटला.

मग मीं त्याला एकच अट घातली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि काय बदललें व काय झालें हें वहींत लिहावयाचें. चार औषधें एकदम पोटांत गेलीं तर रोगी बरा झाला तरी कशानें झाला हें कळत नाहीं, आणि न झाला तर कोणतें औषध फुकट गेलें हेंहि कळत नाहीं. मुलानें जुन्या वहीचीं कोरीं पानें शोधलीं, रेघा मारल्या, आणि शनिवारीं रात्रीं आमचें न्यायालय सुरू झालें.

पहिला आरोपी इंटरनेट. त्याचा दोष असता तर दुसऱ्यांच्या गाड्या उड्या मारीत आल्या असत्या, पण आपली मान इकडून तिकडे वळवतांना देखावा गुळगुळीतच वळला असता. शिवाय जोडणी काढून एकट्यानें खेळून पाहिलें तरी अडखळणें तसेंच. तो सुटला. दुसरा आरोपी म्हणजे मागच्या दारीं गुपचूप चाललेलें दुसरें काम. पुष्कळदां यंत्र स्वतःला सुधारण्यासाठीं कांहीं उतरवून घेत असतें, किंवा विषाणूंची झडती चाललेली असते, आणि खेळाचा वेळ त्यांत खर्च होतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिलें. तेथें कोणी आगंतुक नव्हता, आणि स्मृतीचीहि जागा पुरेशी मोकळी होती. तिसरी आरोपी वीज. येथें पुतण्याचा आग्रह होता, म्हणून त्यानेंच पुस्तकीं आधार शोधला. टेबलावरच्या कॉम्प्युटरांत विजेचा जो डबा असतो तो बाहेरचा दाब बराच उतरला तरी आंतल्या भागांना ठरलेलाच दाब पुरवतो. फारच उतरला तर यंत्र बंद पडतें, मंदावत नाहीं. लॅपटॉप बॅटरीवर चालतांना शक्ति वांचवण्यासाठीं आपण होऊन वेग उतरवतो हें खरें, पण हें यंत्र त्या जातीचें नव्हतें. विजेवरचा आरोपहि मुलानें स्वतःच्या हातानें खोडला.

चौथें ग्राफिक्स कार्ड. याची परीक्षा मला सर्वांत सुंदर वाटली, कारण तिला कांहीं खर्च नाहीं. चित्र खडबडीत करावयाचें. म्हणजे ठिपक्यांची संख्या निम्म्याहून खालीं आणावयाची. चितारी थकला असेल तर काम कमी होतांच तो हलका होईल आणि चित्रें वाढतील. कारकून अडला असेल तर चितारी नुसता फर्मानाची वाट पाहत बसेल, आणि ठिपके कितीहि कमी केले तरी चित्रें वाढणार नाहींत. अडखळणें चालूं असतांना आम्हीं तसें करून पाहिलें. चित्र भुरकट झालें. आंकडा होता तेथेंच राहिला. जें कार्ड बदलण्यास दुकानदार सांगत होता तें बिचारें निर्दोष होतें.

आतां उरला प्रोसेसर. "हें खेळाच्या आरंभीं होतें कीं मागाहून?" असें मीं विचारलें. वहींत उत्तर होतें: दर वेळीं सुमारें पंधरा मिनिटांनीं, सकाळच्या थंडींत वीस मिनिटांनीं, आणि यंत्र अर्धा तास बंद ठेवून पुन्हां लावलें, तर पुन्हां पहिलीं पंधरा मिनिटें सुरळीत. ही नोंद वाचतांच त्यानें स्वतःच कपाळाला हात लावला आणि उष्णतेचा मापक उघडला. अंश ९५. त्याच क्षणीं प्रोसेसरचा वेग चार गीगाहर्ट्झवरून दोनाच्या खालीं घसरलेला दिसत होता.

बहुतेक प्रोसेसरांना उष्णतेची एक सीमा घालून दिलेली असते, आणि ती साधारणपणें ९५ ते १०५ अंशांच्या आसपास असते. ती गांठली कीं तो कोणाला न विचारतां आपला वेग उतरवतो. वेगाबरोबर त्याला विजेचा दाबहि उतरवतां येतो, त्यामुळें उष्णता झपाट्यानें कमी होते आणि त्याचा जीव वांचतो. ही युक्ति नवीन नाहीं. जेम्स वॅटनें १७८८ सालीं आपल्या वाफेच्या यंत्राला दोन फिरत्या गोळ्यांचा नियंता बसवला होता. यंत्र फार वेगांत आलें कीं गोळे वर उचलले जात आणि वाफेची वाट आपोआप अरुंद होई. तात्पर्य, आमचें यंत्र बिघडलें नव्हतें. तें स्वतःला जपत होतें. आणि मंदावणें 'एकाएकीं' कां होतें याचेंहि उत्तर येथेंच मिळालें. उष्णता सावकाशच चढत असते. पण सीमा ओलांडीपर्यंत ती कोणाला दिसत नाहीं. कारण थेंबाथेंबानें सांठतें, परिणाम मात्र एका क्षणीं पदरांत पडतो.

मग ही उष्णता आली कोठून? रविवारीं सकाळीं उजेडांत पाहिलें तेव्हां कळलें. यंत्र माजघरांत, भाताच्या कणगीशेजारीं ठेवलेलें होतें, आणि त्याच्या माथ्यावर आईनें विणलेलें लोकरीचें आच्छादन होतें. भाताच्या झोडणीचे दिवस. घरभर धूळ उडते. नातवाच्या कष्टाची वस्तु खराब होऊं नये म्हणून तिनें चार रात्री बसून तें विणलें होतें. गरम हवा बाहेर पडावयाची जाळी नेमकी त्या विणकामाखालीं होती. आच्छादन काढलें, तेव्हां पंधरा मिनिटांचीं पंचवीस झालीं. पण दुखणें गेलें नाहीं. दोष नेहमीं एकटाच असतो असें नाहीं, आणि अर्धें यश आलें म्हणजे शोध संपला असेंहि नाहीं. मुलानें यंत्र बंद केलें, वायर काढली, तें ओटीवर आणलें आणि बाजूची पाटी उघडली. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पातळ पाकळ्या असतात. पंखा त्यांच्यामधून हवा ढकलतो आणि ती उष्णता घेऊन जाते. पंखा व पाकळ्या यांच्यामध्यें कोंडा, तूस आणि पेंढ्याची बारीक धूळ यांचा घोंगडीसारखा थर बसला होता. आमच्या आंबेमोहराचाच तो प्रसाद.

इतका वेळ भाऊ अंगणांत कांहीं काम काढून पाठमोरा बसला होता. तो उठून आला, वांकून आंत पाहूं लागला आणि म्हणाला, "अरे, हें तर आपल्या विहिरीवरच्या फुटबॉलसारखें झालें!" पंपाच्या नळाच्या तळाशीं जो जाळीचा व्हॉल्व्ह असतो त्याला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात. "जाळी तुंबली कीं पाणी बारीक येतें. म्हणून काय मोटर विकायची?"

"मग तुम्हीं विकायचेंच म्हणत होतां, बाबा," मुलगा खालीं मान घालून म्हणाला.

भावानें त्यावर कांहीं उत्तर दिलें नाहीं. तो आंत जाऊन दरवाजे रंगवण्याचा एक कोरा ब्रश घेऊन आला. पंखा भरभर फिरला तर खराब होतो, म्हणून तो धरून ठेवावा लागतो असें मुलानें सांगितलें. तेव्हां बापानें आपला जाड आंगठा पंख्यावर ठेवला आणि मुलगा पाकळ्या झाडूं लागला. अर्धा तास दोघांचीं डोकीं एका डब्यावर वांकलेलीं होतीं. "इकडे राहिलें," "जरा उजेड सोड," "दमानें," एवढेंच बोलणें. पण तें बोलणें होतें. प्रोसेसर आणि पाकळ्या यांच्यामध्यें उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, तो वाळून खडूसारखा झाला होता. तो मुलानें पुढच्या आठवड्यांत भोरहून नेऊन बदलला. त्यानंतर तासभर खेळूनहि उष्णता ७५ अंशांच्या वर गेली नाहीं, आणि चित्रें साठांवरून ढळलीं नाहींत. सारा खर्च त्या लेपाचा. एका सिनेमाच्या तिकिटाहून अधिक नव्हे.

आईच्या आच्छादनाचें काय करावें हा प्रश्न मात्र नाजुक होता. मुलानेंच तो सोडवला. "आजी, हें बंद असेल तेव्हांच घालूं या. चालूं असतांना त्याला वाफ सोडायला जागा लागते." आईनें शांतपणें घडी घातली. "एवढेंच ना? कढ येणाऱ्या भांड्यावर मीं तरी कधीं दुलई घातली आहे? आधींच सांगायचें." यंत्र माजघरांतून ओटीवरच्या खोलींत गेलें, आणि परीक्षेपर्यंत खेळ रात्रीं एकच तास, असा करार बापलेकांत झाला. तो करायला मध्यें माझी गरज पडली नाहीं.

तेव्हांपासून कॉलेजांतल्या मुलांकडे पाहतांना मला या तपासाची आठवण होते. वेल्ह्याकडून, हिरडस मावळाकडून पहांटेच्या एस.टी.नें येणारीं कितीतरी मुलें पहिल्या सहामाहींत टवटवीत असतात, आणि दिवाळीनंतर त्यांतलें एखादें एकाएकीं मंदावतें. शिक्षकांच्या खोलींत त्याचीं निदानें लगेच होतात: अभ्यासाकडे लक्ष नाहीं, मोबाइल फार झाला, मुळांत कुवतच नव्हती. हीं निदानेंहि बहुधा वैद्यांचींच चित्रें असतात. दिवाळीनंतर खोऱ्यांत भात कापणीला येतो, रात्रीं उशिरांपर्यंत झोडणी चालते, आणि सकाळीं तेंच पोर पहिल्या तासाला बाकावर बसलेलें असतें, हें सरासरीच्या आंकड्यांत दिसत नाहीं. आणि कांहीं मुलांवर दारिद्र्याचें नव्हे, मायेचेंच ओझें असतें. घरादारानें त्याच्यावर विणलेल्या अपेक्षेखालीं त्याला वाफ सोडायला जागा उरलेली नसते. तें आच्छादन विणणाराचा हेतु वाईट नसतो, म्हणून तर तें काढावयाचें तें हळुवार हातानें.

मंदावलेल्या वस्तूला विचारावयाचे प्रश्न फार नाहींत. हें केव्हांपासून होतें? किती वेळानें होतें? तेव्हां आसपास काय बदललें होतें? आणि शेवटचा, सर्वांत उपयोगी: थोडी विश्रांति मिळाली कीं पूर्ववत् चालतें काय? या शेवटच्या प्रश्नाला 'होय' असें उत्तर आलें, तर नवें कार्ड विकत आणण्याचें कारण नाहीं. यंत्र शाबूत आहे. हवेची वाट तेवढी मोकळी करावयाची आहे.